बामणोलीची वाट



प्रवासाविषयी बोलावे, असे निमंत्रणपत्रात सुचवले होते. माझा खरा प्रवास बेंगळुरूतील एका खुर्चीवर बसल्या बसल्या सुरू झाला.

नोकरीनिमित्त त्या शहरात गेलो तेव्हा मला कन्नड येत नव्हते आणि रविवार सरत नव्हते. बनशंकरी भागात ‘सुचित्रा’ ही १९७१ साली स्थापन झालेली फिल्म सोसायटी आहे. गल्ल्यासाठी न काढलेले चित्रपट तेथे पाहायला मिळत. एका संध्याकाळी गिरीश कासारवल्ली यांचा ‘द्वीप’ होता, ना. डिसोझा यांच्या कादंबरीवरचा. धरणाचे पाणी चढते आहे, गाव भरपाई घेऊन उठले आहे आणि एक कुटुंब उठायला तयार नाही. पाऊस थांबत नाही. कथा एवढीच. त्यातील नागीची भूमिका सौंदर्या यांनी केली होती, निर्मितीही त्यांचीच.

काही वेळाने मी इंग्रजी उपशीर्षके वाचायचे विसरलो. ती लागतच नव्हती. ती माणसे मी आजीच्या बोलण्यात लहानपणापासून ऐकली होती.

आपल्यापैकी अनेकांची घरे कोयनेच्या पाण्यातून उठून या माळावर आली. तरीही ‘कोयना ही महाराष्ट्राची भाग्यरेषा’ असे भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले आहेत. वाक्य खोटे नव्हे. त्या विजेवर कितीतरी गावे उजळली. पण आपले गाव नकाशात कोठे होते, ते शोधावे असे मला एकदाही सुचले नव्हते. शरावतीवरचे लिंगनमक्की आणि आपले कोयना, ही दोन्ही धरणे १९६४च्या सुमाराची. परक्या नदीने मला माझ्या नदीची ओढ लावली.

त्या रात्री घरी फोन केला. आजी म्हणाली, “पाण्यात काय बघायचं? पाणीच की.” थोडे थांबून तिनेच विचारले, “कधी निघायचं?”

मे महिन्यात साताऱ्याहून कासमार्गे आम्ही बामणोलीला उतरलो. शिवसागराचे पाणी मागे हटले होते, काठाची तांबडी माती उघडी पडली होती. लाँचमध्ये बसताना आजीने डोक्यावरून पदर घेतला, सासरी शिरताना घेतात तसा. नावाडी विशीतला पोरगा. त्याला ती हाताने डावे-उजवे दाखवत राहिली. मध्येच म्हणाली, “हळू घे रं बाळा, हितं आमचं खळं हाय.” त्याने इंजिन बंद केले. बराच वेळ आम्ही तिघे त्या खळ्यात बसून होतो.

आजी आता नाही. शाळेची सहल धरणाची भिंत पाहायला जाते, हे योग्यच आहे. माझी विनंती इतकीच, की यंदा ती जलाशयाच्या या दुसऱ्या टोकाला, बामणोलीलाही न्यावी. आणि मुलांसोबत, ज्यांना अजून वाट सांगता येते अशा एकदोन आजी-आजोबांनाही बसमध्ये जागा ठेवावी. त्यांच्या तिकिटाचा खर्च मी देईन.