इशारा आणि जाड तार

अर्धापूरकडच्या केळीच्या बागेला पाणी चालू आहे आणि विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज उडतो. बसवला, की पुन्हा उडतो. मग कुणी वैतागून जाड तारच अडकवतो. मोटार चालते खरी; पण वायंडिंग जळले, म्हणजे त्या तारेची किंमत कळते. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारेही कधी कधी हेच करतात. कसे, ते पाहू.

शाळेतला संगणक प्रिंटरशी बोलतो तो एका दुभाष्यामार्फत. त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये हे ड्रायव्हर बहुतेक सी भाषेत लिहिलेले असतात आणि कंपायलर त्यांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. लिखाण नियमाबाहेरचे असेल, तर तो अडून बसतो. नुसती शंका आली, तर इशारा देतो आणि पुढे जातो. घोटाळा होतो तो इथेच.

एक उदाहरण घ्या. ड्रायव्हरने यंत्राचा क्रमांक मागितला. तो मिळाला नाही, म्हणून उत्तर आले उणे ६. पण ते ठेवले अशा खणात, की ज्याला उणे ठाऊकच नाही! तिथे त्याचे होतात ४,२९,४९,६७,२९०. पुढे ‘उत्तर शून्याहून कमी आहे का?’ असे विचारले, तर जबाब सदा ‘नाही’. म्हणजे फसलेले काम साधले असेच धरले जाते. सारे इशारे चालू ठेवले असतील, तर कंपायलर सांगतो, ‘बाबा, ही तुलना कधीच खरी ठरणार नाही.’ यावर कुणी ती तपासणीच खोडून टाकतो. इशारा गप्प होतो, चूक तशीच राहते. हीच ती जाड तार! खरा उपाय एका शब्दाचा: खण उणे आकडा मावेल असा करावा.

ड्रायव्हर बहुधा संगणकाच्या गाभ्यातच चालतो. तिथली चूक सगळा संगणक बंद पाडू शकते. म्हणूनच सप्टेंबर २०२१ मध्ये लिनस टोरवाल्डस् यांनी लिनक्सच्या गाभ्यात इशाऱ्यालाही चूकच मानावे, असे ठरवले. पण पुष्कळांची कामे अडली आणि काही दिवसांतच नियम सैल करावा लागला. साठलेले इशारे एका दिवसात निघत नाहीत, हेच खरे.

नांदेड-लातूरच्या गुरुजनांना एवढीच विनंती. प्रोग्राम चालला, की लगेच शाबासकी देऊ नका. ‘इशारे किती आले?’ हे विचारा. प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ मुलाने आधी आपल्या मराठीत सांगावा. मगच दुरुस्तीला हात घालावा.