बांधावरची फोपटी
(गोरेगाव येथे मंडळीच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज एका लहानशा फळाविषयी बोलायचे आहे. कुणी त्याला फोपटी म्हणते, कुणी पोपटी, कुणी चिरबोटी. पावसाळ्यात सोयाबीनच्या ओळींत आणि बांधावर हे गुडघ्याएवढे झाड आपोआप उगवते. फिकट पिवळे फूल येते. फूल गळाले की त्याच्या देठाकडचा हिरवा भाग वाढत जातो आणि फळाभोवती कंदिलासारखी पिशवी तयार होते. पिशवी वाळून कागदासारखी झाली, की आतले फळ पिकलेले असते. पुष्कळदा ते स्वतःच खाली पडते. पिशवी शाबूत असली, तर घरात बरेच दिवस टिकते.

शहरात हिवाळ्यात डब्यांतून विकली जाणारी रसभरी ही हिचीच थोरली बहीण. ती मूळची दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडची. मेक्सिकोत अशाच पिशवीतल्या, पण मोठ्या हिरव्या फळाची रोज चटणी होते. तिकडे ज्याची शेती करतात, त्याच्या बहिणीला आपण तण म्हणून उपटतो.

रसभरीच्या 100 ग्रॅम फळांत साधारण 53 कॅलरी, 11 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि 1 मिलिग्रॅम लोह असते. पेरूच्या मानाने हे क जीवनसत्त्व फार कमी आहे, तेव्हा या फळाला कुणी औषध समजू नये. पण क जीवनसत्त्वामुळे भाकरी-वरणातले लोह अंगी लागायला मदत होते. ज्या घरी विकतचे फळ येत नाही, त्या घरी बांधावरचे मूठभर फळही मोलाचे असते.

ओळखताना मात्र काळजी घ्या. कच्चे हिरवे फळ खाऊ नये, ते बाधते. अश्वगंधेलाही अशीच पिशवी असते, पण तिची पाने लवदार आणि पिकलेले फळ लालभडक असते. ते मुलांना खाऊ देऊ नका. कपाळफोडी हा वेल आहे. तिच्या फुग्यात गर नसतो, पांढरा ठिपका असलेले काळे बी असते.

आता मुद्द्याची गोष्ट. कळमनुरी आणि औंढ्याच्या डोंगराकडे आपले आंध समाजाचे बांधव राहतात. त्यांतल्या अनेकांना स्वतःची शेती थोडी किंवा मुळीच नाही. दुसऱ्याच्या शेतात मजुरी करावी लागते. आईबरोबर शेतात आलेली मुले फोपटी वेचून खातात. पूर्वी त्यात काही भय नव्हते. आज तणनाशकाची फवारणी बांधापर्यंत जाते. मग एक तर झाड जळते, नाही तर विष उडालेले फळ मुलाच्या तोंडी जाते.

लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात शेतमालकाला सांगितले आहे, की शेताच्या कडा पुरत्या कापू नको आणि खाली पडलेला सरवा वेचू नको. तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. रूथ अशाच सरव्यावर जगली. फोपटीही खाली पडणारे फळ आहे, आणि ती कडेलाच उगवते. आपल्या काळातला सरवा तोच.

म्हणून ज्यांची शेती आहे, त्यांना माझी विनंती आहे. निदान एक बांध फवारणीवाचून ठेवा. तिथले तण विळ्याने काढा आणि फोपटीची झाडे राखा. फवारा त्या बाजूला उडणार नाही, असा वारा पाहून मारा. जिथे फवारले असेल, तिथे मजुरांना आधी स्पष्ट सांगा, म्हणजे मुले तिकडे जाणार नाहीत. याला वर्गणी लागत नाही. पुढच्या पेरणीच्या आधी घरात बसून एवढेच ठरवा, की कोणता बांध राखायचा.

प्रभू आपणांस आशीर्वादित करो.