घागर नवी, पाणी तेच

श्रोतेहो, गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या संगणकानं असहकार पुकारला. ब्राउझर उघडला, की दोन-तीन मिनिटांत खिडकी पांढरी पडायची आणि आपोआप मिटायची. मी कविता लिहिणारा बी.ए. माणूस. यंत्र बिघडलं की बंद करून चालू करायचं, एवढीच माझी विद्या. ती फसली. मग सगळे सांगतात तो उपाय: ब्राउझर नव्यानं टाका. टाकायला गेलो, तर उत्तर आलं, 'ब्राउझर चालू आहे, आधी तो बंद करा.' पडद्यावर तर काहीच नव्हतं!

शेवटी भाच्याला बोलावलं. त्यानं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला. मिटलेला ब्राउझर तिथल्या यादीत अजून जागा होता. खिडकी गेली, तरी काम मागे चालूच राहिलं होतं. ते थांबवल्यावर नवा ब्राउझर मुकाट्यानं बसला आणि दोन मिनिटांत पुन्हा पांढरा पडला.

आता मी चिडलो. मुळापासूनच उपटू म्हटलं. काढताना एका चौकोनाशेजारी प्रश्न होता: 'तुमची माहितीही पुसायची का?' मी खूण करणार, तोच भाचा म्हणाला, "मामू, थांबा. त्यात काय काय आहे, ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. त्यानं समजावलं, ब्राउझर हा प्रोग्राम वेगळा आणि आपली प्रोफाइल वेगळी. जपलेल्या खुणा, पासवर्ड, जोडलेली एक्स्टेंशन्स हे सगळं प्रोफाइलमध्ये असतं. विंडोजमध्ये ते 'ॲपडेटा' नावाच्या लपलेल्या फोल्डरात राहतं. नुसता प्रोग्राम बदलला, तर जुनी प्रोफाइल तशीच उरते आणि दुखणं तिच्यात असेल, तर तेही उरतं. घागर नवी, पाणी तेच.

आणि त्याच पाण्यात माझ्या जुन्या मेलचा पासवर्ड होता. तो मला आठवत नव्हता. मेलला जोडलेला फोन नंबर केव्हाच बंद झालेला. कवितांचे कच्चे खर्डे मी वर्षानुवर्षं त्याच मेलवर स्वतःला पाठवत आलो होतो. एका खुणेनं ती वाट बुजली असती.

मग आम्ही उलट्या क्रमानं निघालो. आधी पासवर्ड वहीत उतरवला, खुणांची फाइल पेनड्राइव्हवर घेतली. नंतर एक कोरी प्रोफाइल उघडली. ती संध्याकाळभर बिनतक्रार चालली. म्हणजे दोष जुन्या प्रोफाइलमध्ये होता. तिच्यातली सगळी एक्स्टेंशन्स बंद केली आणि एकेक चालू करत गेलो. तिसऱ्याला खिडकी पांढरी पडली. चोर सापडला! तेवढंच काढलं.

कोऱ्या प्रोफाइलमध्येही ब्राउझर पडला असता, तर 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' बंद करून पाहायचं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करायचा, असं भाच्यानं सांगून ठेवलं आहे. बाकीचेही प्रोग्राम कोसळू लागले, तर मेमरी किंवा डिस्क तपासून घ्यायची. पण एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशानं आला ते कळत नाही.

तेव्हा श्रोतेहो, संगणकावर रागावण्याआधी आपलं काय काय त्याच्या पोटात आहे, ते एकदा बाहेर काढून ठेवा. माझे खर्डे आता कागदावर छापून कपाटात आहेत. त्यांना पासवर्ड लागत नाही, फक्त वाळवीपासून जपावं लागतं.