सुवर्णवार्तेची पारख

उद्यां परभणी जिल्ह्यांतील एखाद्या शिवारांत सोन्याचा मोठा साठा सांपडल्याची वार्ता आली, तर सुज्ञ गृहस्थानें ती कशी पारखावी? फेब्रुवारी २०२० मध्यें उत्तर प्रदेशांतील सोनभद्र जिल्ह्याविषयीं अशीच वार्ता देशभर पसरली. आंकडा होता सुमारें ३,३५० टनांचा. २२ फेब्रुवारीस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें खुलासा केला. साठा होता तो सुमारें ५२,८०६ टन खनिजाचा. टनामागें सोनें सरासरी ३.०३ ग्रॅम. गुणाकार केला, तर सोनें भरतें अवघें १६० किलो. पाहणीहि १९९८ ते २००० या काळांतली, म्हणजे जुनीच!

यावरून कसोटीचे तीन प्रश्न निघतात. आंकडा खनिजाचा कीं सोन्याचा? टनामागें ग्रॅम किती? आणि सांगणारा कोण, पाहणी करणारी संस्था कीं तिच्या नांवावर बोलणारा दुसराच कोणी?

परभणीपुरता चौथा प्रश्न पायाखालच्या खडकाचा. हुट्टीची सोन्याची खाण रायचूर जिल्ह्यांत आहे, आणि १९५६ पर्यंत रायचूर व परभणी एकाच हैदराबाद राज्यांत होते. पण राज्य एक म्हणून खडक एक नव्हे. हुट्टीचें सोनें अतिप्राचीन धारवाडी खडकांत आहे. परभणीची बहुतेक भूमि सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाची. तेथें सोन्याचा दावा करणारानें पुरावाहि तितकाच सबळ आणला पाहिजे.

सराफाच्या दुकानांत गृहिणी कस लावल्यावांचून जुना दागिना पारखीत नाहीं. वार्तेच्या भरांत शेत विकणारानें वा घरची पुंजी गुंतविणारानें तेवढीच सबुरी ठेवावी.