मित्रांचे एकत्र बिऱ्हाड आणि लेखी करार



उच्च शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस जाणाऱ्या प्रत्येकास वसतिगृहात प्रवेश मिळतोच असे नाही. मग तीन-चार मित्र मिळून सदनिका भाड्याने घेतात. घरमालकाशी करार होतो. परंतु मित्रामित्रांत मात्र ‘आपल्यात कसला कागद?’ या एका वाक्यावर वर्षाचा व्यवहार उभा राहतो. दुकानात मीटरभर कापडाचीही पावती फाडणारे वडील मुलाच्या या व्यवहारात कागद मागत नाहीत, हे नवलच होय.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार घरमालकाशी होणारा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. या करारावर सर्व मित्रांनी सह्या केल्या, की भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ४३ महत्त्वाचे ठरते. अनेकांनी मिळून दिलेले वचन, वेगळे ठरले नसेल तर, त्यांपैकी कोणाही एकाकडून पुरे करून घेता येते. तिघांपैकी दोघे निघून गेले, तर संपूर्ण भाडे उरलेल्या एकाकडे मागितले जाऊ शकते. त्याने ते भरल्यावर इतरांकडून वाटा मागण्याचा हक्क त्यास आहे. मात्र आपापसांत काही ठरले नसेल, तर तो वाटा समान धरला जातो. सही एकाचीच असेल, तर मालक त्या एकालाच ओळखतो.

समान वाटणी प्रत्येक वेळी न्याय्य असतेच असे नाही. समजा, भाडे २४,००० रुपये आणि अनामत ७२,००० रुपये आहे. एकजण मोठ्या खोलीत एकटा राहतो, दोघे दुसरी खोली वाटून घेतात. प्रत्येकी ८,००० रुपये आकारण्याऐवजी एकट्याने १०,००० व इतरांनी प्रत्येकी ७,००० रुपये देणे अधिक रास्त ठरेल. अनामतही त्याच प्रमाणात, म्हणजे ३०,०००, २१,००० व २१,००० रुपये अशी नोंदवावी. विजेच्या देयकातील स्थिर आकार सारखा वाटावा. वातानुकूलन यंत्र ज्याच्या खोलीत आहे, त्याने वापराचा अधिक भार उचलावा.

खरा कस लागतो तो मध्येच कोणी घर सोडतो तेव्हा. त्याने किती दिवस आधी लेखी सूचना द्यावी, नवा सोबती येईपर्यंत त्याचे भाडे कोणी भरावे, नव्या सोबत्यास सर्वांची व मालकाची संमती कशी घ्यावी, जाणाऱ्याची अनामत कोणी व केव्हा परत करावी, हे आरंभीच लिहावे. मालकाच्या करारात ठरावीक मुदतीपूर्वी घर न सोडण्याची अट असल्यास त्याचा भार कोणावर, हेही नमूद करावे. मोडतोडीचे पैसे अनामतीतून कापले गेले, तर ज्याच्या हातून नुकसान झाले त्यानेच ते सोसावेत.

पैशाइतकाच वाद स्वयंपाकघरात होतो. कोणते पदार्थ घरात शिजतील, भांडी वेगळी असतील काय, पाहुणे किती दिवस राहतील, परीक्षेच्या काळात रात्री किती वाजता शांतता असावी, या गोष्टी प्रथमच मोकळेपणाने बोलाव्यात. मतभेद असतील, तर ते अनामत भरण्यापूर्वी कळलेले बरे.

असा करार दोन पानांत मावतो. तोंडी करारही कायद्यास मान्य असतो, पण तो सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून तारीख व सर्वांच्या सह्या घेऊन प्रत्येकाने एक प्रत ठेवावी. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या विद्यार्थ्याचा करार कायद्याने टिकत नाही. अशा वेळी पालकाने स्वतःच्या नावे जबाबदारी घेऊन सही करावी. दरमहा खर्चाची वही लिहावी आणि महिनाअखेर हिशेब मिटवावा.

पुढे धंद्यात भागीदारी करणाऱ्या तरुणांस भागीदारीचा पहिला धडा या बिऱ्हाडातच मिळतो. चार-पाच हजारांच्या वादापायी लहानपणापासूनची मैत्री तुटते आणि दोन कुटुंबांतील येणे-जाणेही थांबते. विद्यार्थ्यांनी या दोन पानांचा आळस करू नये आणि पालकांनी मुलास निरोप देताना सामानाबरोबर त्या कागदाचीही चौकशी करावी, एवढीच नम्र विनंती.