पुढच्यास ठेच, मागचा शहाणा : जुनी व नवी प्रवासी जेट विमाने



गुलबर्गा, म्हणजेच आजचे कलबुर्गी, आणि बीदर ह्या सीमाभागातील जिल्ह्यांना विमान अगदीच अपरिचित नाही. बीदरच्या आकाशात वायुदलाच्या प्रशिक्षण-विमानांची घरघर लोक अनेक वर्षे ऐकत आले आहेत. परंतु सामान्य माणसाने तिकीट काढून बसावे असे विमान येथे अलीकडेच आले. कलबुर्गी विमानतळाचे उद्घाटन २२ नोव्हेंबर २०१९ रोजी झाले, तर बीदरहून प्रवासी सेवेला फेब्रुवारी २०२० मध्ये प्रारंभ झाला. तेव्हापासून आळंद, भालकी, बसवकल्याण ह्या तालुक्यांतील घरांतूनही विमानप्रवासाची चर्चा होऊ लागली. अशा चर्चेत एक प्रश्न हमखास निघतो : विमान जुने की नवे, आणि जुन्या विमानात बसणे धोक्याचे आहे काय?

प्रश्न रास्त आहे. मात्र ‘जुने’ ह्या शब्दाचे येथे दोन अर्थ होतात, ते प्रथम वेगळे केले पाहिजेत. एक अर्थ विमानाच्या वयाचा, दुसरा त्याच्या आराखड्याचा. कलबुर्गीहून आरंभी जे पन्नास आसनांचे एम्ब्रेअर १४५ विमान उडाले, त्या जातीच्या विमानाचे पहिले उड्डाण १९९५ साली झाले होते. एखादे विमान वीस वर्षांचे असले, तरी त्याची तपासणी वेळच्या वेळी होत असेल आणि झिजलेले भाग बदलले जात असतील, तर केवळ वयामुळे ते असुरक्षित ठरत नाही. जुन्या व नव्या विमानांतील खरा फरक पिढीचा आहे. प्रत्येक नव्या पिढीच्या विमानात मागील अपघातांतून मिळालेले शिक्षण साठविलेले असते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही आपली म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

जेट विमान सुमारे दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून उडते. तेथील हवा इतकी विरळ असते की माणसाला श्वास घेणे अशक्य व्हावे. म्हणून विमानाच्या आत हवा दाबाने भरून ठेवावी लागते. प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग किंचित फुगते व उतरताना पुन्हा आकसते. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुनःपुन्हा वाकवली की तुटते. ब्रिटनचे कॉमेट हे पहिले प्रवासी जेट विमान १९५२ साली सेवेत आले, आणि १९५४ च्या जानेवारी व एप्रिल महिन्यांत दोन कॉमेट विमाने इटलीजवळच्या समुद्रावर आकाशातच फुटली. तेव्हा संशोधकांनी एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवले आणि त्याच्या आतील दाब हजारो वेळा कमीजास्त करून पाहिला. धातूला थकवा येऊन भेग पडते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढील विमानांत भेग पडली तरी ती पसरू नये अशी रचना करण्यात आली. विमानाची तपासणीही केवळ वर्षांवरून नव्हे, तर झालेल्या उड्डाणांच्या संख्येवरून ठरू लागली.

महाराष्ट्राने ह्या शिक्षणाची किंमत स्वतः मोजलेली आहे. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईस येत असता जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. आतील सर्व ९४ माणसे मृत्युमुखी पडली. मुंबई प्रत्यक्षात होती त्यापेक्षा जवळ आली आहे, अशा समजुतीने वैमानिकाने विमान लवकर खाली आणले आणि अंधारात सह्याद्री आडवा आला. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ विमान युरोपातील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्यातील ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते. दोन्ही वेळी स्थानाविषयी गैरसमज हेच मूळ होते.

त्या पिढीच्या विमानाला पुढे डोंगर आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. १९७० नंतरच्या दशकात जमीन जवळ येताच इशारा देणारे उपकरण आले. तथापि, ते केवळ सरळ खाली पाहत असे. डोंगराची भिंत समोर उभी असल्यास इशारा फार उशिरा मिळे. १९९० नंतरच्या दशकात आलेल्या सुधारित उपकरणात भूप्रदेशाचा संपूर्ण नकाशाच साठविलेला असतो. विमानाचे स्थान त्या नकाशाशी सतत ताडून पाहिले जाते, आणि मार्गात डोंगर असल्यास बराच वेळ आधी वैमानिकास मोठ्या आवाजात सावध केले जाते. धडधाकट विमान डोंगरावर जाऊन आदळण्याचे प्रकार त्यामुळे पुष्कळच घटले.

दुसरा धडा मुंबईच्या समुद्रावर मिळाला. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान दुबईकडे निघाले आणि थोड्याच वेळात वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले. २१३ माणसे दगावली. गवंड्याला भिंत सरळ आहे की नाही हे ओळंबा सांगतो. तसे विमान किती कलले आहे, हे वैमानिकास एक उपकरण सांगते. रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नाही, त्यामुळे सारी भिस्त त्यावरच असते. त्या रात्री वळण संपून विमान सरळ झाले, तरी मुख्य वैमानिकासमोरील उपकरण ते उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले. ते सरळ करण्याच्या प्रयत्नात विमान डावीकडे अधिकाधिक कलत गेले. शेजारची उपकरणे बरोबर होती, परंतु त्यांचा मेळ घालण्यास वेळ उरला नाही. नव्या विमानांत हा मेळ संगणक घालतो. दोन वैमानिकांपुढील आकडे जुळेनासे झाले की तत्काळ सूचना मिळते. काही नव्या विमानांत तर सर्वसाधारण स्थितीत ठरावीक मर्यादेपलीकडे विमान कलूच दिले जात नाही.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे मरण पावली. त्यानंतर भारताने टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची केली. तिच्या योगे दोन विमाने परस्परांचा वेध घेतात, आणि एकास वर व दुसऱ्यास खाली जाण्याचा आदेश मिळतो. आगीच्या बाबतीतही अशीच सुधारणा झाली. आसनांची आवरणे सहज पेट न घेणारी झाली. धुरातही वाट दिसावी म्हणून जमिनीलगत दिवे आले. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या धावपट्टीवर एका नव्या एअरबस ३५० विमानाची तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर होऊन मोठी आग लागली. तटरक्षक विमानातील पाच जण दगावले, परंतु प्रवासी विमानातील सर्व ३७९ माणसे जिवंत बाहेर पडली. त्यात विमानाच्या रचनेचा वाटा होता, तसाच सामान मागे ठेवून शिस्तीने उतरलेल्या प्रवाशांचाही होता.

मग नवे ते सारे निर्धोक, असे समजावे काय? कर्नाटकाचा अनुभव तसे सांगत नाही. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूर येथे उतरताना इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ३२० विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. १४६ पैकी ९२ जण मृत्यू पावले. हे विमान त्या काळी अत्यंत आधुनिक होते व आपल्या देशात नुकतेच दाखल झाले होते. उतरताना इंजिने किमान शक्तीवर राहतील अशा स्वयंचलित पद्धतीत ते होते. वेग घटत गेला, आणि हे ध्यानात येईपर्यंत उशीर झाला. यंत्र नवे होते, पण त्याची रीत माणसांच्या अंगवळणी पडावयाची होती.

२२ मे २०१० रोजी मंगळूर येथे १५८ माणसे मरण पावली. ते बोइंग ७३७-८०० विमान अवघे अडीच वर्षांचे होते. विमान फार वेगाने खाली येत असल्याचा इशारा यंत्राने दिला होता, आणि पुन्हा वर जाऊ या असे सहवैमानिकानेही सुचविले होते. तो सल्ला मानला गेला नाही. बोइंग ७३७ मॅक्स ह्या नव्या जातीच्या विमानांना २०१८ व २०१९ साली इंडोनेशिया व इथिओपिया येथे अपघात होऊन ३४६ माणसे दगावली. तेथे दोष आराखड्यातच होता. एकाच संवेदकाच्या चुकीच्या वाचनावर विसंबून संगणक विमानाचे नाक खाली दाबत राहिला. मार्च २०१९ मध्ये भारतासह जगभर ही विमाने जमिनीवर ठेवण्यात आली.

तात्पर्य असे की, नव्या पिढीचे विमान जुन्यापेक्षा निश्चित सुरक्षित आहे. परंतु ही सुरक्षितता नवेपणामुळे आपोआप येत नाही. प्रत्येक चुकीची नोंद होते, तिची निर्भीड चौकशी होते आणि निष्कर्ष सर्वांना कळविले जातात, म्हणून ती येते.

ह्या कामात विमानतळाभोवतालच्या गावांचाही वाटा आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबाद येथे उड्डाण करणारे बोइंग ७३७ विमान धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गासड्यांनी भरलेल्या ट्रकला धडकले, आणि ५५ माणसांचा बळी गेला. वैमानिकाची चूक होतीच, पण रस्त्यावरील वाहतूक उड्डाणाच्या वेळी रोखली गेली नव्हती, हेही चौकशीत दिसून आले. कलबुर्गी व बीदर येथील अधिकाऱ्यांनी आणि ग्रामपंचायतींनी हे उदाहरण सदैव ध्यानात ठेवावे. विमानतळालगत उघड्यावर कचरा किंवा मेलेली जनावरे टाकल्यास घारी-गिधाडे जमतात, आणि इंजिनात शिरलेला पक्षी नव्या विमानालाही संकटात टाकतो. कुंपणाची तार तोडून गुरे आत सोडणे हा तर शेकडो जिवांशी खेळ होय.

प्रवाशांनी बसल्याबरोबर पट्टा बांधावा, परिचारिकेच्या सूचना लक्षपूर्वक ऐकाव्यात, आपल्या आसनापासून दारापर्यंत किती रांगा आहेत हे मोजून ठेवावे आणि संकटसमयी सामानाचा मोह सोडावा. शिक्षकांनी तारेचे व ओळंब्याचे उदाहरण घेऊन हा विषय वर्गात अवश्य मांडावा. चूक लपविण्याऐवजी ती नोंदवून इतरांस सावध करणे ही जी शिस्त विमानशास्त्राने लावून घेतली आहे, तिचा उपयोग शाळा, दवाखाना, पाणीपुरवठा व एस.टी. आगार अशा प्रत्येक ठिकाणी होण्यासारखा आहे.