मुशी आणि आपली विहीर

लातूर-नांदेडकडच्या मंडळींपुढे आम्ही मुशीविषयी, म्हणजे शार्क माशाविषयी, आणि तिच्या चपट्या भावंडाविषयी, पाकटाविषयी, बोलणार आहोत. इथून समुद्र कुठे दिसतो, असे कोणी म्हणेल. पण २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर लातूर तगले. मुरते त्याहून अधिक उपसले की विहीर आटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. समुद्राचेही तसेच आहे.

मुशीच्या अंगात हाड नसते. आपल्या कानात असते तशा कूर्चेचा तिचा सांगाडा. बांगडा, तारली हजारो अंडी टाकतात. मुशी-पाकटांच्या बहुतेक जाती वयात उशिरा येतात आणि मोजकीच पिल्ले देतात. कोकणकिनाऱ्यावरची लहान मुशी तर पिल्लांना पोटात वारेवर पोसते. जाळ्यात एक माय सापडली की पुढची पिढीही गेली. १९७० ते २०१८ या काळात खुल्या महासागरांतील मुशी-पाकटे ७१ टक्क्यांनी घटली, असे संशोधकांनी २०२१ साली दाखविले.

भारताने २००१ साली प्रचंड पण निरुपद्रवी अशा व्हेल शार्कला कायद्याचे संरक्षण दिले. पण जाळे कापून तिला सोडणाऱ्या कोळ्याच्या पोटाचे काय? २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अशा कोळ्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे ठरविले. आम्हांला यातच शहाणपण दिसते. जो उपसा थांबवितो, त्याची तोशीस सर्वांनी वाटून घ्यावी. विहिरीलाही न्याय हाच.